स्वस्त निविष्ठा, महाग हंगाम : बनावट बियाणे आणि औषधांचा प्रश्न

विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षातून एकदाच संधी मिळते. मृगाचा पाऊस पडतो, वाफसा येतो आणि चार-आठ दिवसांत कापूस, सोयाबीन व तूर यांची पेरणी आटोपावी लागते. या दिवसांत पडलेले बी जर उगवले नाही, तर दुबार पेरणीसाठी पैसा पुन्हा उभा करता येईल. परंतु निघून गेलेला वाफसा मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणूनच बनावट कापड किंवा बनावट घड्याळ घेणाऱ्याची फसवणूक आणि बनावट बियाणे घेणाऱ्याची फसवणूक या एका तराजूत तोलता येत नाहीत. पहिल्या फसवणुकीत वस्तूची किंमत बुडते, दुसऱ्या फसवणुकीत संपूर्ण वर्ष बुडते. आणि फसवणूक जर कीटकनाशकाची असेल, तर प्रसंगी जीवही जातो.

वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत कापूस होतो आणि दर खरिपात बियाणे, खते व औषधे यांच्यावर मोठी रक्कम खर्च होते. या निविष्ठांची शुद्धता हा केवळ कृषी विभागाचा विषय न राहता ग्रामपंचायत, शाळा आणि आरोग्य केंद्र यांचाही झाला पाहिजे. त्या दृष्टीने या प्रश्नाच्या काही बाजूंचा येथे विचार केला आहे.

हिंगणघाटचा जुना धडा

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा करण्यात आला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि हिंदुस्थानातील कापसाला अभूतपूर्व मागणी आली. हिंगणघाटचा कापूस त्या काळी आपल्या धाग्यासाठी नावाजलेला होता. नावाला भाव मिळू लागला, की नावाचा गैरवापरही सुरू होतो. आखूड धाग्याचा हलका कापूस चांगल्या कापसात मिसळून तो नामांकित कापूस म्हणून विकण्याची प्रवृत्ती बळावली. मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध १८२९ साली आणि पुन्हा १८६३ साली कायदे करावे लागले, यावरून ही व्याधी किती जुनी आहे याची कल्पना येते.

पुढे १९२३ साली कापूस वाहतूक कायदा झाला. चांगल्या कापसाच्या प्रदेशात मिसळण्यासाठी बाहेरून हलका कापूस आणण्यास आळा घालणे हा त्याचा हेतू होता. १९२५ च्या जिनिंग व प्रेसिंग कारखाना कायद्याने प्रत्येक गाठीवर खूण व अनुक्रमांक घालणे आवश्यक ठरविले. गाठ कोठे बांधली गेली हे कळले, तर लबाडी कोणी केली हेही कळते, असे साधे तत्त्व त्यामागे होते. आज बियाण्याच्या पाकिटावर छापलेला लॉट क्रमांक हा त्याच तत्त्वाचा वारस आहे. शंभर वर्षांत वस्तू बदलली, परंतु तपासाची पहिली पायरी तीच राहिली : वस्तू कोठून आली, हे सांगता आले पाहिजे.

एक महत्त्वाचा फरकही ध्यानात घ्यावा लागेल. त्या काळी भेसळीचा तोटा मुख्यतः दूरच्या गिरणीमालकाला सोसावा लागे आणि शेतकरी विक्रेत्यांच्या साखळीत असे. आज शेतकरी स्वतःच खरेदीदार आहे आणि तोट्याचा पहिला घाव त्याच्यावरच बसतो.

बनावट म्हणजे नेमके काय ?

बोलण्यात आपण 'बोगस' हा एकच शब्द वापरतो. प्रत्यक्षात त्यात निरनिराळे प्रकार असतात आणि तक्रार करताना त्यांतील भेद माहीत असणे उपयोगी पडते. नामांकित कंपनीच्या नावाची नक्कल करून दुसराच माल पाकिटात भरणे, हा पहिला प्रकार. नाव खरे, परवाना खरा, परंतु उगवणशक्ती किंवा घटकाचे प्रमाण ठरलेल्या दर्जापेक्षा कमी, हा दुसरा प्रकार. यालाच अप्रमाणित माल म्हणतात. मुदत संपलेला माल नवीन तारीख छापून विकणे, हा तिसरा. आणि ज्याला मुळात शासनमान्यताच नाही असा माल चोरून विकणे, हा चौथा प्रकार होय.

कापसाच्या बियाण्यात चौथ्या प्रकाराने विशेष जोर धरला आहे. भारतात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. परंतु त्याच्या आधीच, २००१ साली, गुजरातमध्ये विनापरवाना बीटी कापूस शेतात उभा असल्याचे आढळून आले होते. पुढे तणनाशकाला दाद न देणारा कापूस अशाच आडवाटेने पसरला. त्याला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची व्यापारी लागवडीसाठी मान्यता मिळालेली नसतानाही त्याची विक्री होत राहिली. विदर्भातील खेड्यांत तो 'चोर बीटी' या नावाने ओळखला जातो.

या बियाण्याला मागणी का आहे, हेही समजून घेतले पाहिजे. निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे बियाणे उघडपणे पेरून तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी केली. त्या मागणीचा निर्णय योग्य व्यासपीठावर व्हावयाचा तो होईल. परंतु एखादे तंत्रज्ञान हवे असणे आणि पाकिटात ते तंत्रज्ञान खरोखरच असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर पत्ता नसतो, लॉट क्रमांक नसतो, बिल तर नसतेच. त्यात तो गुणधर्म नसेल आणि शेतकऱ्याने विश्वासाने तणनाशक फवारले, तर तणाबरोबर कापूसही जळून जातो. अशा वेळी त्याने तक्रार तरी कोणाविरुद्ध करावी ?

जून २०२३ मध्ये वर्धा शहरालगतच्या म्हसाळा परिसरात बनावट कापूस बियाण्याचा कारखानाच उघडकीस आला. गुजरातमधून आणलेले बियाणे येथे आकर्षक पाकिटांत भरून विक्रीसाठी पाठविले जात होते. जप्त करण्यात आलेल्या मालाची किंमत कोटी रुपयांच्या वर गेली. ऐन पेरणीच्या तोंडावर, जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या इतक्या जवळ हा उद्योग चालू शकला, ही बाब सर्वांनाच विचार करावयास लावणारी आहे. त्याच वर्षी राज्य विधिमंडळात भेसळयुक्त व अप्रमाणित बियाणे, खते आणि कीटकनाशके यांमुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई शेतकऱ्याला मिळावी, अशा आशयाची विधेयके मांडण्यात आली.

बियाण्यापासून विषबाधेपर्यंत

निकृष्ट बियाण्याचा परिणाम उगवणीपुरता मर्यादित राहत नाही. पाकिटावर बीटी लिहिले आहे, पण बियाण्यात बोंडअळीला रोखणारा गुणधर्म पुरेसा नाही, असे झाले तर अळीचा प्रादुर्भाव वाढतो. अळी वाढली की फवारण्या वाढतात. एका औषधाने भागले नाही की दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जातात. अशा रीतीने एका पाकिटातील लबाडी अखेर फवारणी करणाऱ्या मजुराच्या श्वासापर्यंत जाऊन पोहोचते.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात या साखळीचे शेवटचे टोक दिसून आले. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कापूस माणसाच्या उंचीइतका वाढला होता, हवा दमट होती आणि कीड जोरात होती. मास्क, हातमोजे, चष्मा यांचा वापर नव्हताच. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेंथियुरॉन यांच्यासह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. या दुर्घटनेत वापरलेली औषधे सरसकट बनावट होती असे नाही. नोंदणीकृत औषधेही निष्काळजी वापराने प्राणघातक ठरतात, हा तिचा धडा आहे. परंतु जेथे खरे औषधही जीव घेऊ शकते, तेथे खोटे औषध किती धोक्याचे असेल, याची कल्पना करता येते.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो : रुग्णाने कोणते औषध फवारले ? कारण उतारा औषधावर अवलंबून असतो. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील विषावर ॲट्रोपिनचा उपयोग होतो; डायफेंथियुरॉनसारख्या काही रसायनांवर विशिष्ट असा उतारा नाही आणि लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. बाटलीवर एक नाव आणि आत दुसरेच द्रव्य असेल, तर डॉक्टरांचीही दिशाभूल होते. बनावट लेबल हे व्यापारातील फसवणुकीचे साधन तर आहेच. पण रुग्णालयाच्या दारात ते रुग्णाच्या आयुष्याशी खेळणारे असत्य ठरते.

फिक्की या उद्योग संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशातील कीटकनाशकांच्या बाजारात आकारमानाने सुमारे ३० टक्के माल बनावट असावा, असा अंदाज दिला होता. हा अंदाज उद्योगाच्याच संस्थेचा असल्याने तो काहीशा सावधपणे घ्यावा. तो निम्मा धरला तरी दर सहा-सात बाटल्यांमागे एक बाटली संशयास्पद ठरते.

स्वस्त पंपाची कथा

यवतमाळच्या घटनेनंतर आणखी एका वस्तूची चर्चा झाली. ती म्हणजे परदेशातून, विशेषतः चीनमधून आलेले स्वस्त फवारणी पंप. जुना पाठीवरचा पंप हाताने चालतो. हात थकला की दाब कमी होतो आणि माणूस आपोआप थांबतो. बॅटरीवर किंवा इंजिनावर चालणारा पंप थकत नाही. दाब सतत राहतो, तुषार अतिशय बारीक होतात आणि धुक्यासारखे हवेत तरंगत राहतात. पिकावर पडावयाचे औषध वाऱ्याबरोबर फवारणी करणाऱ्याच्या अंगावर, नाकातोंडात जाते. थोड्या वेळात जास्त क्षेत्र फवारले जात असल्याने एका दिवसात शरीरात जाणारे विषही वाढते.

यंत्राने श्रम वाचतात, यात शंका नाही, आणि यंत्र परदेशी आहे एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही. प्रश्न दर्जाचा, योग्य नोझलचा आणि वापराच्या सूचनांचा आहे. कीटकनाशक देशात बनविलेले असो वा आयात केलेले, १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार त्याची नोंदणी करावी लागते. ज्या पंपातून ते फवारले जाते, त्या पंपाला मात्र त्या कायद्याखाली तशी नोंदणी नाही. गळका पंप, मराठीत एकही सूचना नसलेले खोके आणि सुटे भाग न मिळणारे यंत्र शेतकऱ्याच्या हाती पडते, ते दोन-चारशे रुपये वाचतात म्हणून. ही बचत दवाखान्याच्या पहिल्याच दिवशी संपते.

किंमत कोण मोजतो ?

स्वस्त वस्तूची खरी किंमत कोण मोजतो, हा प्रश्न वर्ध्याला नवीन नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे कार्य सुरू झाले. संघाचे संघटक अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी येथे राहून ज्या अर्थविचाराची मांडणी केली, तिचे एक सूत्र असे होते की, वस्तू विकत घेणारा मनुष्य ती वस्तू ज्या परिस्थितीत तयार झाली तिच्या बऱ्यावाईटाचाही भागीदार होतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा जसा निर्दोष राहत नाही, तसाच सक्तीच्या श्रमातून आलेला माल घेणाराही नाही. म्हणून आपला व्यवहार शक्यतो आपल्या नजरेच्या टप्प्यात ठेवावा, म्हणजे त्यातील जबाबदारी पार पाडता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मगनवाडीतील मगन संग्रहालय १९३८ साली सुरू झाले, तेही खेड्यातील उत्पादन डोळ्यांनी पाहता यावे, पारखता यावे यासाठीच.

पुढील काळातील घटनांनी या विचाराला दुःखद पुष्टी दिली. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे परदेशी कंपनीच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो लोकांचा बळी गेला. सुरक्षेत केलेल्या काटकसरीची किंमत कारखान्याभोवतीच्या झोपड्यांनी मोजली. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; तेथील शिवणकामगार श्रीमंत देशांतील दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवीत होते. एका टोकाला कापूस पिकविणारा शेतकरी, दुसऱ्या टोकाला कपडा शिवणारी कामगार स्त्री, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर भाव पाडण्याची स्पर्धा, असे हे चित्र आहे. कपड्यावरच्या चिठ्ठीत ही किंमत छापलेली नसते.

आजच्या व्यापारात प्रत्येक वस्तू नजरेच्या टप्प्यातील असणे शक्य नाही. जेथे नजर पोहोचत नाही, तेथे तिचे काम प्रमाणचिन्ह, लेबल, लॉट क्रमांक आणि पावती यांनी करावयाचे असते. म्हणूनच या साध्या कागदांचे महत्त्व मोठे आहे.

कायद्याचा आधार

बियाणे कायदा १९६६ चा आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी केवळ ५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. बदलत्या परिस्थितीत ती अपुरी ठरली. १९८३ साली बियाणे नियंत्रण आदेश निघाला आणि बियाण्याचा व्यापार १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कक्षेत आला. विक्रेत्याला परवाना घेणे, साठा व भावफलक लावणे आणि खरेदीदाराला पावती देणे बंधनकारक झाले. कापूस बियाण्यासाठी महाराष्ट्राने २००९ साली स्वतंत्र कायदा केला. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरविते. २०२४ च्या हंगामासाठी ती ८६४ रुपये होती. ही किंमत माहीत असली, म्हणजे टंचाईच्या नावाखाली होणारी लूट ओळखता येते.

निरीक्षक जेव्हा बियाण्याचा नमुना घेतो, तेव्हा त्याचे तीन भाग केले जातात. एक भाग विक्रेत्याकडे, एक प्रयोगशाळेकडे आणि एक निरीक्षकाकडे राहतो. वाद निर्माण झाल्यास पुन्हा तपासणी करता यावी, हा त्यामागील हेतू होय.

शेतकऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते काय, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिले. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याने बियाण्याचा नमुना जपून ठेवला नाही एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शेतकरी बी पेरण्यासाठी घेतो, खटल्यासाठी नव्हे, हे व्यवहारातील सत्य त्यामुळे मान्य झाले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बनावट वस्तूंची स्वतंत्र व्याख्या केली, त्यांच्या विक्रीस शिक्षा ठरविली आणि सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादक व विक्रेता यांच्यावर टाकली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रार शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

गावाने करावयाची कामे

कायदा पुस्तकात आहे. त्याला गावात आणण्याचे काम तिघांनी वाटून घेण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतीने मे महिन्यातच ग्रामसभेत हा विषय घ्यावा. परवानाधारक कृषी सेवा केंद्रांची यादी, पाकिटाची कमाल किंमत आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयाचा क्रमांक सूचना फलकावर लावावा. गावात रात्री-बेरात्री गाडीतून येऊन बियाणे विकणारा आढळल्यास त्याची माहिती तात्काळ कृषी विभागास द्यावी. बी उगवले नाही तर पीक मोडण्यापूर्वी लेखी तक्रार झाली पाहिजे, म्हणजे तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीला शेताची पाहणी करून पंचनामा करता येतो. रान नांगरून टाकल्यानंतर केलेल्या तक्रारीला पुरावा उरत नाही.

शेतकऱ्याने पावतीवर पिकाचे व वाणाचे नाव आणि लॉट क्रमांक लिहून घ्यावा. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते आणि उत्पादकाने स्वतः सत्यतादर्शक लेबल लावलेल्या बियाण्याची हिरवी. पाकीट खालच्या बाजूने फोडावे, म्हणजे वरची मोहोर व लेबल शाबूत राहतात. रिकामे पाकीट, पावती आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. न्यायालयाने नमुन्याची सक्ती केलेली नसली, तरी नमुना हाती असणे केव्हाही हिताचे. औषधाच्या डब्यावरील चौकटीचा खालचा त्रिकोण पाहण्याची सवय लावावी : लाल म्हणजे अतितीव्र विष, त्यानंतर तीव्रतेच्या उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरवा रंगही विषाचाच आहे, हे विसरू नये. फवारणीहून आल्यावर कोणाला मळमळ, घाम किंवा अंधुक दिसणे असा त्रास झाल्यास रुग्णाबरोबर डबा अथवा लेबल दवाखान्यात न्यावे.

शिक्षकांना उगवणशक्तीची चाचणी हा गणित व विज्ञानाचा एकत्र पाठ म्हणून घेता येईल. शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडाव्यात, गोणपाटाची सैल गुंडाळी करून ती सावलीत ओलसर ठेवावी आणि चौथ्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत निकोप कोंब मोजावेत. संकरित कापसासाठी किमान ७५ टक्के उगवण अपेक्षित आहे. शंभरांत साठच उगवल्या, तर विरळणी पडणार हे पेरणीपूर्वीच कळते. येथे एक दक्षता अत्यावश्यक आहे. पाकिटबंद कापूस बियाण्याला विषारी औषध लावलेले असते. म्हणून शाळेत चाचणी घरच्या हरभरा, मूग अशा औषध न लावलेल्या बियांचीच घ्यावी आणि कापसाची चाचणी मोठ्यांनी हातमोजे घालून करावी. या चाचणीने उगवण कळते, वाण खरा की खोटा हे कळत नाही, हेही मुलांना सांगावे. चाचणीची मर्यादा ओळखणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

अभ्यासमंडळात अथवा ग्रामसभेत पुढील प्रश्न चर्चेस घेता येतील. आपल्या गावात गेल्या खरिपात किती जणांनी पावती घेतली ? पावती न घेण्याचे कारण कोणते : घाई, उधारी, की विक्रेत्याची नाराजी ? फवारणीची मजुरी देताना मास्क व हातमोजे कोणी पुरवावयाचे, मालकाने की मजुराने ? गावातील किती पंप गळके आहेत ?

या प्रश्नांपैकी उधारीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ज्याच्याकडे रोख पैसा नाही, तो दुकानदार देईल ते पाकीट घेतो आणि त्याला पावती मागण्याचे धाडस होत नाही. वेळेवर मिळणारे पीककर्ज हा त्यामुळे बनावट बियाण्यावरील एक महत्त्वाचा उपाय ठरतो. सहकारी सोसायटीचे कर्ज मृगापूर्वी हाती आले, तर शेतकरी दुकानात ग्राहक म्हणून उभा राहतो. ते उशिरा आले, तर तो ऋणको म्हणूनच उभा असतो. पेरणीपूर्व आढावा बैठकीत बियाण्याचा साठा आणि कर्जवाटपाची तारीख हे दोन आकडे म्हणूनच एकत्र पाहिले गेले पाहिजेत.